आधी पेटी, मग इमारत

हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे आकड्यानिशी लिहिलेले असते, खाडीकाठच्या स्वयंपाकघराला ते आकड्याशिवाय ठाऊक असते. ठाण्याच्या खाडीलगत वसलेल्या घणसोलीत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. ज्या किनारपट्टीवरच्या कित्येक पिढ्यांनी मिठागरांत उभे राहून मीठ पिकवले, त्याच किनारपट्टीवर त्या मिठाची एक ओंजळ आठवण म्हणून उघड्या ताटलीत ठेवली तर ती एक पावसाळाही तग धरणार नाही. ताटलीत खारट पाणी उरेल आणि शेजारी मिठागरातले लोखंडी फावडे ठेवले असेल तर त्याचा गंज अधिकच वेगाने वाढेल. तीच ओंजळ नीट बांधलेल्या, हवाबंद, आत शोषक ठेवलेल्या काचेच्या पेटीत असेल, तर नातवंडांच्या काळातही तिचे दाणे मोकळे असतील. दोन्ही वेळा गाव तेच, खोली तीच, छप्परही तेच. फरक फक्त पेटीचा आहे. संग्रहालयातील प्रदर्शन-पेट्या हा विषय घणसोलीच्या निमित्ताने मांडायचा तो यासाठी. इथे पेटी हे शोभेचे सामान नाही. वस्तू जगवणारी आणि वस्तूबद्दल बोलणारी ती खरी वास्तू आहे आणि गावाने आपला ठेवा जपायचे ठरवले तर पहिला विचार तिचा करावा, इमारतीचा त्यानंतर.

हा आग्रह उलटा वाटेल, कारण आपल्याकडे संग्रहालयाची मागणी नेहमी इमारतीपासून सुरू होते. भूखंड, आराखडा, भूमिपूजन, कोनशिला. घणसोलीच्या बाबतीत हा क्रम विशेष महागात पडतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. भात, मीठ आणि मासळी यांवर चाललेला आगरी-कोळी गावांचा संसार एका पिढीत बदलला. शेते सेक्टर झाली, पूर्वेला औद्योगिक पट्टा उभा राहिला, २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे धावू लागली आणि गावठाण चहूबाजूंनी इमारतींच्या मध्ये आले. या गावांनी आपला हक्क सोडला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जानेवारी १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना त्या लढ्यातून आली. मात्र जमिनीबरोबर जमिनीची अवजारेही गेली, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. जुन्या घरांच्या माळ्यावर एखादी बांबूची पाटी, फाटका पाग, कणगीचे बूड, लग्नातले लुगडे, भूसंपादनाची पिवळी पडलेली नोटीस अजून असेल. घर पाडून चार मजली बांधायचे ठरले की माळाही रिकामा होतो. इमारतीची वाट पाहायला या वस्तूंकडे दहा वर्षे नाहीत. एक चांगली पेटी मात्र गावातल्या शाळेत, वाचनालयात, मंदिराच्या सभागृहाच्या एका भिंतीशीही उभी राहू शकते.

मुंबईच्या पहिल्या संग्रहालयाची कथा इथे उपयोगी पडते. आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ज्या संग्रहातून उभे राहिले, तो संग्रह आधी कोटातल्या लष्करी बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत बराक लष्कराला परत हवी झाली तेव्हा वस्तू घाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी लोकांकडून वर्गणी जमवून पुन्हा उभारणी केली आणि २ मे १८७२ रोजी भायखळ्याची इमारत खुली झाली. आज ती पाहताना नजर छतावरच्या सोनेरी नक्षीकडे जाते, पण तिथले मोठे धन म्हणजे त्या काळची लाकडी-काचेची कपाटे. २००३ ते २००८ या काळात जीर्णोद्धार झाला तेव्हा ही कपाटेही वस्तूंइतक्याच निगुतीने जपली गेली, आणि ते योग्यच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या, दुकाने आणि प्रदर्शने काचेने भरून गेली. पाहू द्यायचे पण हात लावू द्यायचा नाही, ही शिस्त तेव्हा सर्वसामान्य माणसासाठी प्रथमच सार्वजनिक झाली. त्याआधी मौल्यवान वस्तू एक तर तिजोरीत असे किंवा राजाच्या दिवाणखान्यात, आणि दोन्ही जागी सामान्यांना मज्जाव होता. काचेने पहिल्यांदा वस्तू बंदही केली आणि सर्वांसमोर उघडीही.

पेटीचे रक्षणाचे काम नेमके कसे चालते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ राहील. पूर्ण हवाबंद पेटी जवळपास कुठेच नसते. दिवसा हवा तापून पसरते, रात्री आकुंचन पावते, वातावरणाचा दाब बदलतो आणि प्रत्येक फटीतून आतली हवा बाहेर, बाहेरची आत येत राहते. १९८३ साली पीटर ब्रिम्बलकोम आणि ब्रायन रेमर यांनी पेट्यांमधली ही देवघेव मोजून मांडली आणि तेव्हापासून पेटीचा दर्जा तिच्या चकाकीवरून नव्हे, तर हवा बदलण्याच्या वेगावरून ठरू लागला. पेटीतली हवा दिवसाला एकदा बदलत असेल तर बाहेरच्या आणि आतल्या दमटपणातला निम्मा फरक पाऊण दिवसाच्या आतच भरून निघतो. हाच वेग दिवसाला एक दशांश इतका कमी केला तर तेवढ्यालाच सात दिवस लागतात. त्यात सिलिका जेलचे ओलावा शोषणारे दाणे ठेवले की आठवड्यांचे महिने होतात, कारण बाहेरून शिरणारा ओलावा आधी त्या दाण्यांत मुरतो. संवर्धनशास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी घालून दिलेला जुना ठोकताळा घनमीटरला २० किलो सिलिका जेलचा आहे. मीटरभर लांब आणि अर्धा-अर्धा मीटर उंच व खोल पेटीला म्हणजे ५ किलो पुरे. पेटी खरोखर घट्ट असेल तर त्याहून कमीत भागते. दमलेले दाणे भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या रंगाच्या जुन्या दाण्यांतले कोबाल्टचे क्षार विषारी असल्याने नारिंगी दाणे घ्यावेत.

या साऱ्याला एक यंत्र लागते, आर्द्रतामापक. बाजारात काही शे रुपयांत मिळणारी मापके दहा-दहा टक्क्यांनी चुकतात, ही तक्रार खरी आहे. पण ती चूक पकडायचा उपाय घणसोलीच्या घराघरांत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे, थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतके भिजवावे, मीठ विरघळून पाणी होऊ देऊ नये. हे झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवून रात्र जाऊ द्यावी. सकाळी डब्यातल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावलेली असते, थंडी असो वा उन्हाळा, कारण मिठाचा संपृक्त द्राव भोवतालच्या हवेला त्याच बिंदूवर धरून ठेवतो. मापक ७० दाखवत असेल तर ते पाचने कमी दाखवते, एवढे चिठ्ठीवर लिहून मापकाला चिकटवले की झाले. जगभरच्या प्रयोगशाळा आपली मापके अशाच क्षारांच्या द्रावांवर तपासतात. मिठागरांच्या गावाला ही परीक्षा परकी वाटायचे कारण नाही.

आता आपल्याकडच्या छोट्या संग्रहालयांतले नेहमीचे कपाट डोळ्यांसमोर आणावे. प्लायवूडची पाठ, समोर अॅल्युमिनियमच्या पट्टीतल्या दोन सरकत्या काचा, आत लाल मखमल, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात डांबरगोळ्या. दिसायला टापटीप, आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वस्तूच्या जिवावर उठलेली. सरकत्या काचा एकमेकींवरून जाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये फट सोडावीच लागते. त्या फटीतून धूळ, कसर आणि पावसाळा तिन्ही आत येतात. प्लायवूड आणि एमडीएफ फॉर्माल्डिहाइड व आम्लाची वाफ सोडत राहतात, लाकूड जोडायचा पांढरा गोंदही अॅसिटिक आम्ल सोडतो. इंग्लंडमधल्या लोफ्टस बाइन यांनी १८९९ साली ओकच्या खणांत ठेवलेले शंख-शिंपले पांढऱ्या भुकटीने झिजताना पाहून त्यावर लिहिले. कारण त्यांनी चुकीचे सांगितले, दोष लाकडातल्या आम्लाचा होता, पण त्या रोगाला आजही त्यांचेच नाव आहे. खाडीकाठच्या संग्रहात कालवांचे शिंपले असणारच, तेव्हा हे जुने निरीक्षण आपल्या कामाचे आहे. मखमलीखाली लोकरीचा नमदा असेल तर त्यातले गंधक चांदी काळवंडवते. भरती-ओहोटीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड हवेत मिसळतच असतो, त्यामुळे खाडीलगतच्या गावात चांदीचे दागिने एरवीही लवकर काळे पडतात. त्यात पेटीनेच भर घातली तर ती पेटी कसली? डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते आणि माणसाच्या फुप्फुसालाही बरी नाही. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक साधी चाचणी रूढ केली. पेटीत वापरायच्या साहित्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पत्र्यांबरोबर दमट बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचा आणि पत्रे डागाळतात का ते पाहायचे. पत्रा डागाळला तर ते साहित्य पेटीत नको. नीट भाजलेला पावडर-कोटिंगचा पोलादी सांगाडा, काच, आणि लावताना शिरक्याचा वास न येणारे, म्हणजे तटस्थ जातीचे, सिलिकॉन हे त्रिकूट बहुधा निर्धोक ठरते.

यातून एक कडक नियम निघतो आणि तो पेटीच्या बाजूने बोलणाऱ्यानेच आधी सांगायला हवा. घट्ट पेटी बाहेरचे संकट रोखते, पण आतले संकट कोंडून धरते. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे वापरलेल्या लोखंडाच्या आत क्षार मुरलेले असतात. असा नांगर किंवा फावडे तसेच उचलून काचेत ठेवले तर गंज थांबत नाही. आधी क्षार धुऊन काढायचे, मग वाळवायचे, मग पेटीतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली ठेवायची, हा क्रम आहे. तेवढ्या कोरड्या हवेत बांबूची पाटी मात्र तडकेल, तिला ५० ते ५५ टक्के मानवतात. म्हणजे मिठागराची गोष्ट सांगण्यासाठी फावडे आणि पाटी एका पेटीत शेजारी ठेवणे हे कथेला सोयीचे, वस्तूंना घातक. दोन लहान पेट्या खेटून ठेवाव्यात, एक कोरडी आणि एक मध्यम. पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात, पण दोन्ही वस्तूंना आपापली हवा मिळते. एका भिंतभर मोठ्या कपाटापेक्षा चार लहान पेट्या बऱ्या, असे माझे ठाम मत आहे ते याच कारणाने.

उजेडाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. रंग उडणे परत फिरवता येत नाही आणि उजेडाचा प्रत्येक तास जुन्या तासांत जमा होतो. कापड, कागद आणि रंगवलेल्या वस्तूंसाठी ५० लक्सची मर्यादा जगभर मानली जाते. लुगडे वर्षातून तीन-चार महिनेच दाखवावे, एरवी सपाट पेटीत अंधारात ठेवावे. दिवे पेटीच्या बाहेर असावेत, कारण आतला दिवा दिवसा हवा तापवतो आणि रात्री विझला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. काच दोन थरांची, मध्ये पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड घेतली तर अतिनील किरण बहुतेक अडतात, आणि काच फुटली तरी तुकडे वस्तूवर पडत नाहीत. याच्या टोकाचे भारतीय उदाहरण संसद भवनाच्या ग्रंथालयातले आहे. संविधानाच्या हस्तलिखित प्रती तिथे नायट्रोजन भरलेल्या, पूर्ण बंद पेट्यांत आहेत. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली गेटी संवर्धन संस्था यांनी त्या १९९४ साली सिद्ध केल्या. प्राणवायू नाही म्हणून शाई आणि कागदाचे ऑक्सिडीकरण नाही, बुरशी नाही, किडा नाही. घणसोलीत नायट्रोजनची गरज नाही, परंतु १९७० च्या दशकातल्या स्वस्त, आम्लयुक्त कागदावरची भूसंपादनाची नोटीस हा इथल्या माणसांच्या दृष्टीने कमी मोलाचा कागद नव्हे. कमी उजेड आणि स्थिर हवा एवढे तरी तिला मिळायला हवे.

पेटी चोरापासूनही वाचवते, पण तिच्याकडून अशक्य ते मागू नये. २००४ च्या मार्चमध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले ते अजून सापडलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लुव्हरमध्ये भरदिवसा पेट्या यंत्राने कापून राजघराण्याचे दागिने पळवले गेले. पेटी फक्त वेळ मिळवून देते, काही मिनिटांचा, आणि ती मिनिटे वापरायला कोणीतरी जागे असावे लागते. पेटी उघडण्याचा क्षण तर सर्वात नाजूक. २०१४ साली कैरोच्या संग्रहालयात पेटीतल्या दिव्यांची दुरुस्ती चालू असताना तुतनखामेनच्या सुवर्ण मुखवट्याची दाढी निखळली आणि ती घाईघाईने इपॉक्सीने चिकटवली गेली. सुमारे तेहतीसशे वर्षे थडग्यात आणि काचेत सुखरूप राहिलेली वस्तू कपाट उघडताना दुखावली. म्हणून सिलिका जेलचा कप्पा खालून, वेगळ्या दाराने उघडणारा हवा. दाणे बदलायला वस्तूंपाशी जावेच लागू नये.

इथपर्यंत रक्षणाचे झाले. पण पेटी बोलते, आणि तिचे बोलणे वस्तूपेक्षाही जास्त काळ टिकू शकते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आणि १९ जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात कडक बंदोबस्तात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती ब्रिटनमध्ये गेली, आणि ती ज्या खास बनवलेल्या डबीत होती त्या डबीवर ती शिवरायांची असल्याचा मजकूर आहे. अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, हे निश्चित सांगता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केलेले आहे. या वादात निवाडा करण्याची ही जागा नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोनशे वर्षांच्या चर्चेचा मोठा आधार एका डबीवरच्या ओळी आहेत. ज्याने डबी करवून घेतली त्याने इतिहासात आपला शब्द घातला. खाडीपलीकडच्या घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी पोरबंदरच्या गांधी-स्मारकातली कपाटे पाहून २००२ च्या सुमारास 'ब्रोकन ब्रँचेस' ही लाकडी कपाटांची मालिका केली. हाडे, कृत्रिम अवयव, अवजारे, जुनी छायाचित्रे त्यांनी कपाटांत रचली, आणि रचनेनेच हिंसेबद्दल बोलायला लावले. काय कशाशेजारी ठेवले, काय खाली आणि काय डोळ्याच्या रेषेत, चिठ्ठीवर कोणते क्रियापद वापरले, हे सगळे विधान असते.

पहिला गंभीर आक्षेप इथेच येतो. काचपेटी हे वसाहतवाद्यांचे साधन होते, असे म्हटले जाते. भायखळ्याच्या संग्रहालयात मुंबईतल्या जाती-जमाती आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कारागिरी उत्तम, पण जिवंत शेजाऱ्यांना नमुना म्हणून काचेत उभे करणारी ती नजर होती, हे नाकारता येत नाही. मग ज्या समाजाला एकदा नमुना केले गेले, त्याने स्वतःला पुन्हा काचेत का घालून घ्यावे? आक्षेप बरोबर आहे, निष्कर्ष नाही. त्या प्रतिमांत खोट होती ती काचेची नव्हती. चिठ्ठी दुसऱ्याने लिहिली होती आणि तिच्यावर माणसाचे नाव नव्हते, फक्त जातीचे होते. 'आगरी समाजाचे मीठ काढण्याचे साधन' अशी चिठ्ठी घणसोलीत लावली तर तीच चूक मराठीत होईल. फावडे कोणत्या मिठागरात चालले, कोणत्या महिन्यांत, मजुरी कशी ठरे, बांध फुटला की काय होई, मिठागर कधी आणि का बंद पडले, हे ज्यांनी ते चालवले त्यांच्या बोलीत, त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या नावानिशी लिहिता येते. स्वातंत्र्यलढ्यातल्या सहभागामुळे चळवळीचे गाव म्हणून ओळख असलेल्या घणसोलीला स्वतःबद्दलचे वाक्य स्वतः लिहिण्याची सवय असायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. जाळे पाण्यात असते तेव्हाच जाळे, देवाचे साहित्य पूजेत असते तेव्हाच देवाचे. काचेत गेले की ते मेले. संस्कृती जिवंत असेल तर पेटी कशाला, आणि मेली असेल तर पेटीने काय साधणार? यातला अर्धा भाग पूर्ण मान्य करावा लागेल. जे वापरात आहे ते पेटीत घालू नये. गावाचा टाळ-पखवाज सप्ताहात वाजतो आहे तोवर त्याची जागा सभामंडपातच. लग्नात गाणाऱ्या धवलारणीच्या कंठातला धवला कोणत्याही काचेत मावत नाही, तो गाऊन आणि ध्वनिमुद्रण करूनच राखावा लागेल. पण सुती, झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेला पाग आता पाण्यात जाणार नाही, नायलॉनने त्याची जागा केव्हाच घेतली. त्याच्यापुढे पेटी किंवा उकिरडा एवढेच दोन मार्ग आहेत. शिवाय मधली वाटही आहे. सणाला लागणारी वस्तू वर्षभर पेटीत आणि त्या दिवशी बाहेर, अशी व्यवस्था करार करून करता येते. त्यासाठी पेटीचे दार निगुतीने उघडता यावे आणि वस्तू कोणी नेली, कोणी आणली, याची नोंदवही असावी.

छायाचित्रे काढून, त्रिमिती स्कॅन करून इंटरनेटवर ठेवा, कपाटांचा खटाटोप नको, असे सुचवणारेही भेटतात. ही कामे जरूर करावीत. परंतु छायाचित्र काढताना जो प्रश्न सुचला नाही त्याचे उत्तर छायाचित्रात नसते. पागाच्या सुताला कोणत्या झाडाचा रंग आहे, गाठीत अडकलेली वाळू कुठली, शिशाचे वजन घरी ओतले की बाजारातले, हे उद्याचा अभ्यासक सुतालाच विचारणार. खाडीतली माशांची विविधता, पाण्याचा बदललेला स्वभाव यांचे पुरावेही अशा धाग्यांत दडलेले असू शकतात. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र खाडीचा निसर्ग दाखवते. त्या निसर्गावर जगलेल्या हातांची साधने त्याच्या जोडीला दिसली तरच खाडीची गोष्ट पुरी होईल.

खर्चाचे काय? परदेशी बनावटीच्या, यंत्राने हवा राखणाऱ्या पेटीला लाखो रुपये पडतात, हे खरे. पण वर सांगितलेली पेटी यंत्राविना चालते. पोलादी सांगाडा, लॅमिनेटेड काच, तटस्थ सिलिकॉन, रबरी नव्हे तर सिलिकॉनचाच चांगला गॅस्केट, खालचा कप्पा, पाच किलो दाणे, तपासलेले मापक. यातले प्रत्येक काम शेजारच्या औद्योगिक पट्ट्यात होते. वीज गेली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि पावसाळ्यात वीज जातेच. वातानुकूलित दालनाची गोष्ट उलट आहे. दिवसा यंत्र चालते, संध्याकाळी कुलूप लावताना बंद होते, रात्रभर दमट हवा भरते, सकाळी पुन्हा कोरडी होते. लाकूड आणि कापड रोज फुगते, रोज आक्रसते. त्यापेक्षा साध्या खोलीतली घट्ट पेटी कितीतरी सौम्य. म्हणूनच इमारतीवरचा खर्च पेटीच्या खर्चाचा पर्याय ठरत नाही.

सगळ्यालाच पेटी हवी असेही नाही. जाते, पाटा-वरवंटा, उखळ उघड्यावर ठेवावीत, मुलांना फिरवू द्यावीत. हात लावण्याची भूक तिथे भागली की काचेपाशी माणूस शांतपणे थांबतो. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, स्वयंपाकघरातली साधने असे हजारो जिन्नस जमवले, १९७५ साली तो संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला, आणि रोजच्या वापरातली वस्तूही काचेआड ठेवण्याच्या योग्यतेची असते हे महाराष्ट्राला पटवले. संग्रह सुमारे वीस हजारांचा, प्रत्यक्ष मांडणीत त्याचा लहानसा हिस्सा. निवड करण्याचे धैर्य हीसुद्धा पेटीची शिस्त आहे. घणसोलीसारख्या गावाने चाळीस वस्तू निवडल्या आणि चाळीसच्या चाळीस नीट ठेवल्या तर चारशे वस्तूंच्या धुळकट दालनापेक्षा ते काम मोठे होईल.

निवडीच्याही आधी एक वर्ष पेटी रिकामी ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. एप्रिल किंवा मेमध्ये ती जागेवर बसवावी, आत एक मापक, बाहेर एक, आणि आतल्या तळाशी घासून चकचकीत केलेले चांदी, तांबे व शिशाचे तीन छोटे पत्रे. गावातल्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांनी रोज ठरल्या वेळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. जुलैत बाहेरचा आकडा नव्वदीला टेकला असताना आतला साठीच्या खाली राहिला का, गोविंद्याच्या गर्दीत दार उघडे राहिले तेव्हा काय झाले, दाणे किती आठवड्यांनी दमले, ऑक्टोबरच्या उन्हात पेटी किती तापली, हे सारे त्या वहीत येईल. पत्र्यांवर डाग पडले तर दोष साहित्याचा, सांगाडा बदलावा लागेल. आकडे झुलले तर दोष सांध्यांचा, सिलिकॉन पुन्हा भरावे लागेल. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात वही तपासून मगच ज्यांच्या माळ्यावर वस्तू आहेत त्या घरमालकांकडे जावे, आणि त्यांची वस्तू मागताना ती वही त्यांच्यासमोर ठेवावी.